दुसरी हार्डडिस्क अधूनमधून गायब होते? कॅबिनेट उघडायच्या आधी तीन आकडे लिहून घ्या

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते : "काल रात्रीपर्यंत डी ड्राइव्ह दिसत होता की! सकाळी चालू केलं तर नाही. केबल काढून परत घातली, आला. चार दिवस चालला, परत गेला."

बेळगाव असो, खानापूर असो, निपाणी-संकेश्वर असो, दुकानातल्या कॉम्प्युटरची मांडणी आता सगळीकडे सारखीच झाली आहे. वेग यावा म्हणून विंडोज नव्या छोट्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) घातलेलं असतं आणि खरा ऐवज जुन्या मोठ्या हार्डडिस्कवर तसाच ठेवलेला असतो. फोटो स्टुडिओत त्या डिस्कवर मागच्या लग्नसराईंचं सगळं शूटिंग असतं. शहापूर-वडगावकडच्या पत्रिका छापणाऱ्या दुकानांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पत्रिकांच्या जुन्या फाइली असतात. गिऱ्हाईक येतं, "थोरलीच्या लग्नात केलेली तशीच करा" म्हणतं, आणि नेमकी तीच फाइल लागते. विंडोज पुन्हा घालता येतं, हे सगळं पुन्हा कुठून आणणार? म्हणून हा दोष "केबल हलवली, झालं" म्हणून सोडून देऊ नका.

केबल काढून घालणं ही दुरुस्ती नव्हे. पिन काढताना-घालताना घासली जाते, वरचा मळ निघतो, संपर्क होतो आणि डिस्क दिसायला लागते. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. शिवाय या धडपडीत डेटा केबल आणि पॉवरची पिन दोन्ही हलतात, कधी दुसऱ्या पोर्टात जातात, त्यामुळे नेमकं कशाने बरं झालं ते कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या वेळी डिस्क "गेली" असं ठरतं, नवी येते, आणि महिन्याभरात नवीही गायब व्हायला लागते. चांगल्या डिस्कला मेलेली ठरवून बाजूला टाकल्याची उदाहरणं मी भरपूर पाहिली आहेत. त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं एकच : हात घालायच्या आधी पुरावा गोळा करा. तो पुरावा डिस्क स्वतःच लिहून ठेवत असते.

गायब म्हणजे नेमकी कुठून?

डिस्क दिसत नसताना मशीन रीस्टार्ट करा आणि डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा. तिथे साटा पोर्टांची, म्हणजे बोर्डवरच्या डिस्क जोडायच्या जागांची, यादी असते. डिस्कचं नाव तिथे आहे आणि फक्त विंडोजमध्ये नाही, तर वायरींना हात लावायचं कारण नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. कधी डिस्क तिथे असते, फक्त तिला डी, ई असं अक्षर नसतं. राइट क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. कधी "ऑफलाइन" लिहिलेलं असतं. जुन्या डिस्कची क्लोन (हुबेहूब नक्कल) करून दोन्ही डिस्क एकाच मशीनमध्ये ठेवल्या की असं होतं, कारण दोन्हींची ओळखखूण सारखीच असते आणि विंडोज दुसरीला बाजूला ठेवतं.

इथे एक गोष्ट जपा. डिस्क मॅनेजमेंट उघडताच "इनिशियलाइझ डिस्क" अशी चौकट आली आणि डिस्कवर तुमचा डेटा असल्याचं तुम्हाला माहीत असेल, तर ओके दाबू नका. ती चौकट नव्या कोऱ्या डिस्कसाठी आहे. डेटा असलेल्या डिस्कवर ती आली, याचा अर्थ विंडोजला पार्टिशनचा तक्ता (डिस्कचे कोणते भाग कुठे आहेत त्याची नोंद) वाचता येत नाही. ओके दाबलं की त्या जागी नवा तक्ता लिहिला जातो. रद्द करा आणि आधी पुढचं वाचा.

बायोसमध्येच नाव नसेल तर दोष तीनपैकी एका जागी असतो : पॉवर, डेटाची वाट, किंवा डिस्क स्वतः.

तीन आकडे

डिस्क परत दिसायला लागली की लगेच क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती ते दाखवतं. खालच्या तक्त्यातले आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पद्धतीत) असतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूजसाठी दहाची पद्धत निवडली की साधे आकडे दिसतात. हे आधी करा, नाहीतर वाचताना गोंधळ उडतो.

पहिला आकडा वर उजवीकडे असतो, पॉवर ऑन काउंट. डिस्कला किती वेळा नव्याने पॉवर मिळाली ते तो सांगतो. तक्त्यात हाच ०सी या नावाने दिसतो. दुसरा आकडा सी७, सीआरसी एररचा. बोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये जाताना डेटा कितीदा बिघडला आणि पुन्हा पाठवावा लागला, ते त्यात मोजलेलं असतं. तिसरी एक जोडी आहे : ०५ आणि सी५. खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा लिहायचे छोटे कप्पे) आणि संशयित सेक्टर यांची ती मोजणी.

कागदावर तारीख आणि हे आकडे लिहा, कागद सीपीयूच्या बाजूला चिकटवा आणि डिस्क पुन्हा गायब होऊन परत येईपर्यंत काहीही हलवू नका. मग परत बघा कोणता आकडा वाढला.

पॉवर ऑन काउंट तुम्ही मशीन चालू केलंत त्याहून जास्त वाढला, तर चालू मशीनमध्ये डिस्कची पॉवर तुटते आहे. मशीन स्लीपमध्ये जात असेल तर तीही मोजणी यात धरली जाते, म्हणून तपासणीपुरतं स्लीप बंद ठेवा. फक्त सी७ वाढला, तर पॉवर शाबूत आहे आणि डेटाची केबल किंवा पोर्ट खराब आहे. ०५ किंवा सी५ वाढला, तर डिस्कच जायला लागली आहे. कुठलाच आकडा न वाढता डिस्क जात असेल, तर बायोसचं सेटिंग आणि बोर्डवरचा सेल यांच्याकडे वळा.

सी७ कधीच कमी होत नाही, हे लक्षात असू द्या. केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो. सेकंडहँड डिस्क घेताना तिथे मोठा आकडा बघून लोक घाबरतात. तो वाढतोय का, एवढंच बघायचं.

पॉवर : सगळ्यात जास्त दोष इथेच

हार्डडिस्कला दोन प्रकारची वीज लागते. मोटर फिरवायला १२ व्होल्ट, पिवळ्या वायरीतून, आणि सर्किटला ५ व्होल्ट, लाल वायरीतून. अडीच इंची एसएसडी मात्र ५ व्होल्टवरच चालते. म्हणून त्याच वायरीवरची एसएसडी नीट चालते आणि हार्डडिस्क तेवढी जाते, असं होत असेल तर १२ व्होल्टच्या बाजूवर संशय घ्या. असं असूनही पुष्कळ जण म्हणतात, "एसएसडी चाललीय म्हणजे पॉवर बरोबर आहे." ते पुरेसं नाही.

३.५ इंची डिस्क फिरायला सुरू होते त्या क्षणी १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, एकदा वेग घेतला की बरंच कमी. सात-आठ वर्षं चाललेला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), त्याच्यातले सुकत आलेले कपॅसिटर, त्यात नंतर बसवलेलं ग्राफिक्स कार्ड, आणि एकाच वायरीला जोडलेल्या दोन डिस्क : अशा ठिकाणी सुरुवातीलाच व्होल्टेज खचतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बेळगावला चांगली थंडी असते. थंड डिस्कला वेग घ्यायला आणखी वेळ लागतो आणि बायोस तेवढा थांबत नाही. सकाळी पहिल्यांदा डिस्क दिसत नाही, रीस्टार्ट केलं की दिसते, हे त्याचं लक्षण. बायोसमध्ये फास्ट बूट बंद करून बघा. तेवढ्यानेच दोष गेला तर उत्तम, पण एसएमपीएसचं वय लिहून ठेवा.

मल्टिमीटर असेल तर मशीन चालू ठेवून चार पिनांच्या रिकाम्या जुन्या कनेक्टरमध्ये मोजा. पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवी, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये. मोठी फाइल कॉपी करताना परत मोजा. काठावर असेल तर एसएमपीएस बदला. तो उघडून आतला कपॅसिटर बदलायच्या फंदात घरी पडू नका, प्लग काढल्यावरही आत बराच वेळ धोक्याचं व्होल्टेज असतं.

त्याहून साधं कारण म्हणजे जोडणी. साटा पॉवरची पिन पंधरा पट्ट्यांची, चपटी, आणि तिला बहुधा लॉक नसतं. ती अर्धी बसली तरी डिस्क चालते, मग धक्क्याने किंवा गरम-गार होऊन सुटते. आणि चार पिनांवरून साटा करणारी ती स्वस्तातली जोडवायर, जिच्या टोकाचं प्लास्टिक वायरीसकट एकजीव ओतलेलं असतं, ती वापरूच नका. आतल्या तारा एकमेकींना चिकटून ती जळाल्याची, आसपासचं पेटल्याची उदाहरणं जगभर आहेत. वायर दाबून बसवलेली, मागची टोपी उघडता येते अशी जोडवायर मिळते, ती घ्या. एसएमपीएसला साटाची पिन उरलीच नसेल तर एसएमपीएस बदलणं जास्त शहाणपणाचं.

सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर आणखी एक. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची वायर, जरी भोकात बसली तरी, लावू नका. डिस्ककडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येकाची वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. कधी कधी तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मांडणी वेगळी असते.

भिंतीकडचीही बाजू तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हे कितीतरी दुकानांत लोक वर्षानुवर्षं सहन करतात. याचा अर्थ सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. एसएमपीएसमधला फिल्टर आपली गळती अर्थमध्ये सोडतो. अर्थ नसेल तर तीच पत्र्यावर येते, आणि डिस्क त्याच पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या. उद्यमबागेत मोठ्या मोटरी चालू-बंद होतात, गावाकडे पंप लागतात, लाईट खाली-वर होते. चांगला एसएमपीएस विजेतला १६-१७ मिलिसेकंदांचा खंड झेलतो, म्हातारा झेलत नाही. यूपीएस असूनही करंट गेला की मशीन रीस्टार्ट होत असेल, तर यूपीएसची बॅटरी तपासा. असा प्रत्येक झटका हार्डडिस्कच्या हेडला (डेटा वाचणाऱ्या टोकाला) बसतो.

डेटा केबल

सी७ वाढत असेल तर केबल बदला आणि फक्त केबलच बदला. पोर्ट तोच ठेवा. पन्नासेक जीबीचा फोल्डर डिस्कवर कॉपी करा, आकडा पुन्हा बघा. थांबला तर झालं. थांबला नाही तर आता पोर्ट बदला, केबल तीच ठेवा. एका वेळी एकच बदल, तरच उत्तर मिळतं.

लॉकची पत्ती असलेली केबल घ्या. साटाची केबल एक मीटरपर्यंत चालते, पण कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुरते. उरलेली केबल गुंडाळून, घट्ट टाय मारून, काटकोनात मोडून ठेवायची सवय सोडा. आत नाजूक तारांच्या जोड्या असतात, मोडीपाशी त्या बिघडतात. बाजूची काच किंवा पत्रा लावला की केबलचं टोक दाबलं जातं का, हेही बघा. "उघडं ठेवलं की चालतं, पत्रा लावला की जातं," हे ऐकलं की मी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

कॅबिनेटच्या आतले साटा कनेक्टर साधारण पन्नास वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेले असतात. दर आठवड्याला काढून घालणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. तिरकं ओढलं तर डिस्कवरची प्लास्टिकची जीभ मोडते आणि मग चांगल्या डिस्कचीही पंचाईत होते.

आपल्याकडची हवा

जून ते सप्टेंबर या तक्रारी वाढतात. जांबोटी, कणकुंबी, खानापूरचा पश्चिम पट्टा इथे पावसाळ्यात भिंती ओल धरतात. जमिनीवर, ओलसर भिंतीला टेकून ठेवलेल्या सीपीयूच्या पिनांवर काळपट थर येतो. सीपीयू जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून सुटा ठेवा आणि दुकान बंद असलं तरी दिवसाआड तासभर चालवा, आतल्या उबेने ओल बसत नाही. पिना पुसायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, पूर्ण वाळल्यावरच जोडायचं. रॅमच्या पट्ट्यांवर चालतं म्हणून खोडरबर इथे घासू नका, त्याचा भुगा साटाच्या फटीत अडकतो.

धूळही जागेनुसार वेगळी. वडगाव-खासबागेत मागाच्या खोलीशेजारी कॉम्प्युटर असेल तर सुताचे तंतू पंख्यात जाऊन नमदा होतो आणि डिस्क तापते. पंचेचाळीस अंशांच्या आत राहिली तर बरी, पंचावन्नच्या वर जात असेल तर पंखा साफ करा. निपाणीत तंबाखूची बारीक पूड ओल धरते. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहून नेतो. तिथे सीपीयू मशीनच्या खोलीत ठेवूच नका, काचेपलीकडे ठेवा. मागाच्या किंवा प्रेसच्या थरथराटात सैल स्क्रूची डिस्क तर टिकतच नाही. ३.५ इंची डिस्कला जाड आट्याचे स्क्रू लागतात, अडीच इंची एसएसडीला बारीक आट्याचे. बारीक स्क्रू मोठ्या डिस्कमध्ये जातो, पण धरत नाही. चारही स्क्रू हवेत, फार लांब नकोत.

बोर्डवरचा सेल

कुठलाच आकडा वाढत नाही, पण रोज सकाळी तारीख चुकलेली असते? बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला आहे. प्लग चालू असताना बोर्डला एसएमपीएसकडून थोडी वीज मिळत राहते आणि सेल वाचतो. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे, आणि ती सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण मग सेलवर सगळा भार येतो. सेल गेला की जुन्या बोर्डांवर बायोस मूळ सेटिंगवर जातं, बूटचा क्रम बदलतो, साटाची पद्धत एएचसीआय (डिस्कशी बोलायची नेहमीची पद्धत) सोडून दुसरीच होते, आणि विंडोज उघडत नाही किंवा डिस्क सापडत नाही. किरकोळ पैशांचा सेल. तो बदला, साटा एएचसीआयवर ठेवा आणि सेव्ह करा.

एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी पट्टी) नवी बसवल्यावर लगेच हार्डडिस्क गेली असेल तर तो दोष नव्हे. अनेक बोर्डांवर एम.२ची एखादी जागा वापरली की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, हार्डडिस्क दुसऱ्या पोर्टात लावा. आणि ४ टीबीची डिस्क २ टीबीच दिसत असेल तर ती एमबीआरने (पार्टिशनच्या तक्त्याच्या जुन्या पद्धतीने) तयार केली आहे, जीपीटी ही नवी पद्धत हवी. डेटा उतरवल्याशिवाय ते बदलू नका.

डिस्कच जात असेल तर

०५ किंवा सी५ वाढताना दिसले की तपासणी थांबवा. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका. ते मरायला टेकलेल्या डिस्कला सगळीकडे फिरवतं आणि तुटक्या नोंदी स्वतःच्या मनाने जोडतं. आधी सगळ्यात गरजेचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या, शूटिंगसारख्या मोठ्या फाइली नंतर. टक-टक आवाज येत असेल तर पॉवर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बाहेर काढताच आत दव धरतं. वॉरंटी असेल तर दुकानदाराकडे जाताना तो आकड्यांचा कागद सोबत न्या. "कधी दिसते, कधी नाही" एवढंच सांगितलं की त्याच्या टेबलावर डिस्क हमखास चालते आणि तुम्हाला परत पाठवलं जातं. आकडे दाखवले की बोलणं वेगळं होतं.

दुरुस्ती झाल्यावर कागद काढून टाकू नका. एक पावसाळा जाऊ द्या, महिन्याला आकडे लिहा. आणि सी७ वाढवणारी ती केबल ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कात्रीने मधून कापा आणि मगच टाका. न कापलेली केबल कुणीतरी पुन्हा दुसऱ्या मशीनला लावतं.